सीटखालच्या नळ्या

बोर्ली पंचतन,
कार्तिक, सन १९३६

प्रिय सदा,

मोटार दुरुस्त झाली. ब्रेकच्या जुन्या नळ्या मासळीच्या खाऱ्या पाण्यानं इतक्या गंजल्या होत्या, की हात लावताच पापडासारख्या मोडल्या. तू मुंबईहून शिमग्याला धाडलेल्या नव्या नळ्या बसवल्या. आता तू विचारशील, शिमग्यापासून दिवाळी उलटेपर्यंत आबा काय करत होते? सांगतो, धीर धर.

नळ्या बसवून भागत नाही. आत हवा राहिली तर ब्रेक लागत नाही. एकानं वर बसून पेडल दाबायचं, दुसऱ्यानं खाली निजून चाकापाशी स्क्रू सैल करायचा नि हवा सोडायची. मोटारीवरचा गडी कोंडाजी गावाला गेलेला, म्हणून मी वेणूला हाक मारली. तुझी बायको माझ्यासमोर कधी पाटावरसुद्धा बसलेली नाही. पदर ओढून म्हणते, “मामंजी, तुमी खाली नि मी वर? माझं पाय तुमच्या डोक्यावर येतील. पाप लागंल.” म्हटलं, “पाप माझ्या माथी, तू बस.” बसली बिचारी, रडतच.

पेडलशेजारची फळी कुजून पडली आहे. तिथून मला तिची पावलं दिसत होती. टाचांना भेगा पडलेल्या. बोटं इतकी वाळलेली, की जोडवी निसटू नयेत म्हणून दोऱ्यानं बांधलेली. तुझी आई गेल्यापासून विहीर, शेत, चूल सगळं तिनंच ओढलं आणि मी ताटापलीकडे कधी पाहिलं नाही. लाज वाटली रे.

तू तीनदा लिहिलंस, वेणूला धाडा. मी दर वेळी कळवलं, मोटार बंद आहे, दिघीच्या बंदरापर्यंत तिला नेऊ कशी? बैलगाडी दारात उभी होती, सदा. नळ्या मी सीटखाली गोणपाटात तशाच ठेवल्या. मोटार चालू झाली की ती जाणार, मग मला जेवायला कोण वाढणार? शेवटी बसवल्या, त्याही मासळीचं भाडं मिळालं म्हणून. तिच्यासाठी नव्हे.

म्हणून हे पत्र. पुढल्या सोमवारच्या बोटीनं वेणू येते आहे, सोबत कोंडाजीची बायको आहे. धक्क्यावर घ्यायला ये. भात मला करता येतो, करपतो एवढंच. पण मी माझा स्वभाव ओळखून आहे. महिन्याभरात ताप आला, गुडघा धरला, असं काहीबाही लिहीन. तिला धाडू नकोस.

तुझाच,
आबा