विहिरीचा दोर

काकीनाडा,
१४ एप्रिल

तीर्थरूप बाबांस,
जीवनचा सा. न. वि. वि.

फोनवर तुमाला काय ऐकू येत नाय न् तुमी नुसतं हां हां करता, म्हणून कागदावर लिहितोय. ही किशोरीची अक्कल. ती बोलली, दादा तू लिही न् फोटो पाठव, मी बाबांना प्रिंट काढून देते. तुमी पण असंच लिहा, ती फोटो काढून मला धाडेल. सातवीनंतर पेन धरलं नाय, तेवा अक्षराला हसू नका.

मी बरा हाय. बार्जवर तांदळाच्या गोणी भरतो न् बाहेर उभ्या जहाजाला नेऊन देतो. तुमी बोलाल, हा इथं तरी किती दिवस टिकतोय. न्हावा शेवाला तीन ठिकाणं सोडली ते माझ्या ध्यानात हाय, पुन्हा काढू नका. ऊन इथं असं की डेकवर चप्पल चिकटते. रंगाच्या रिकाम्या डब्यात मिरचीचं रोप लावलं होतं, ते खाऱ्या वाऱ्याने करपलं. सगळे हसले. मी बोललो, हसा, आमच्या विचुंब्याला माझा बापूस दगडावर पण पडवळ काढतो.

त्यावरून आठवलं. निघताना मी मांडवाखाली पडवळाचं बी टोचून आलो होतो. किशोरीच्या फोटोत वेल चढलेला दिसला, पण पानं खाली वळलीत. पाणी कमी पडतंय बाबा. विहिरीचा गाळ काढा. आपण आधी काढायचो तसा, तुमी खाली न् मी वर दोर धरून. आता मी नाय तर प्रभाकरकाकांना बोलवा, घरी बसून नाय तरी ते टीव्हीशी भांडतात. एका उन्हाळ्याला पोरगा घरी नव्हता न् बाग सुकली, असं व्हायला नको. सुट्टी मिळाली की येतो, मांडवाखाली बसून जेवायचं हाय. मांडव सुकलेला दिसला तर दारातूनच मागे फिरेन, सांगून ठेवतो.

आयला सांगा मी जेवतो. तुमचा लोभ हाय तेवढा राहू द्या, उन्हाने आटवू नका.

तुमचा,
जीवन


विचुंबे,
२८ एप्रिल

प्रिय दादास,
किशोरीचा स. न. वि. वि.

तुझं पत्र मी कामोठ्याहून, आमच्या क्लासमधून प्रिंट काढून आणलं. बाबांनी वाचलं, घडी करून बंडीच्या खिशात ठेवलं. ते अजून तिथंच आहे.

आधी चांगलं सांगते. पडवळं लागली. आईने पहिल्याच्या शेंड्याला सुतळीने खडा बांधला, सरळ वाढावं म्हणून, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, तुझ्या दादालाही वेळेवर असाच एक बांधायला हवा होता. शेजारच्या ठमाबाई रोज येऊन वर बघतात आणि किती गं लांब, किती गं लांब करतात, म्हणून आईने मांडवाला तुझी जुनी चप्पल टांगली आहे. नजर तुझ्या चप्पलेला लागते, पडवळाला नाही.

आता वाईट. वांगी गेली. मिरच्यांची फुलं गळून पडतात. नळाला एक दिवसाआड पाणी येतं आणि पिण्याची भांडी भरेपर्यंत जातं. घरामागे इमारतींचे टॉवर झाले, त्यांनी बोअर मारले, तेव्हापासून आपली विहीर खाली खाली गेली. आता तळाला नुसता चिखल आहे.

आणि हे बाबांना न सांगता लिहिते आहे. बाबा येत्या रविवारी, चार तारखेला सकाळी विहिरीत उतरणार आहेत. वर दोर धरायला प्रभाकरकाका, ज्यांना स्वतःचा जिना चढताना दोनदा थांबावं लागतं. मांजर पडलं तेव्हापासून विहिरीवर पत्रा आहे, दोन वर्षं तो कुणी हलवला नव्हता. परवा बाबांनी सरकवला, तर गटारासारखा वास वर आला. मी जरा वाकून बघितलं तर डोकं गरगरलं. कुणाचं तरी सांडपाणी आत झिरपत असणार. मी बाबांना तसं ओरडून सांगितलं, पण त्यांना जे ऐकायचं नसतं ते त्यांना मुळीच ऐकू येत नाही.

आईने भांडून बघितलं. तिला ते खिशातली घडी दाखवतात आणि म्हणतात, पोराने सांगितलंय. दादा, तूच सांगितलंस, आता तूच थांबव.

लोभ वगैरे नंतर मागेन, आधी उत्तर दे.

तुझी,
किशोरी


काकीनाडा,
३० एप्रिल

तीर्थरूप बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, विहिरीत उतरू नका. मी लिहिलं ते फाडून टाका. मला पत्रा आठवला नाय, वास ठाव नव्हता, मला वाटलं आपली विहीर होती तशीच असेल.

एक गोष्ट घरी सांगितली नव्हती, आय जेवणार नाय म्हणून. गेल्या महिन्यात बाजूच्या बार्जवर एक टाकी उघडली. बरेच दिवस बंद होती. पंपवाला आत उतरला. आत पाणी नव्हतं, आग नव्हती, काय नव्हतं. शिडी उतरता उतरता तो बसल्यासारखा झाला न् खाली गेला. ओरडला पण नाय. त्याला काढायला त्याचा भाऊ उतरला. भावाच्या कमरेला दोर होता, आमी सहा जणांनी ओढला तेवा कुठं वर आला. भाऊ वाचला. पंपवाला गेला. इथले जुने लोक बोलतात, बंद जागेत हवा मरते. वरून दिसत नाय.

तुमाला ओढायला सहा जण नायत. एकटे प्रभाकरकाका हायत.

बाग मरू दे. पडवळ उपटून ठमाबाईच्या म्हशीला घाला. मी सुकलेल्या मांडवाखाली जेवेन, मागे फिरणार नाय. न् एवढं सांगून ऐकायचं नसेल तर निदान आधी कंदील सोडून बघा. जिथं दिवा विझतो तिथं माणूस पण विझतो.

उत्तर लगेच द्या. तुमचा हात डोक्यावर हाय तोवर मी कुठंपण राहीन.

जीवन


विचुंबे,
२ मे

चि. जीवन यास,
काशिरामचे अनेक आशीर्वाद वि. वि.

पत्र पोचलं. पंपवाल्याचं वाचून वाईट वाटलं.

ही विहीर माझ्या बापाने न् मी खणली. कुठला दगड कुठं हाय ते मी डोळे मिटून सांगेन. तुझी टाकी लोखंडाची, माझी विहीर मातीची. तिला वरून आभाळ हाय. पत्रा मी काढून ठेवलाय, हवा जाते येते. दिवा मी देवापुढे लावतो, विहिरीत सोडत नाय. गावात हसतील.

तू आधी बोललास वेल सुकला तर मागे फिरेन. आता बोलतोस म्हशीला घाला. एका जागी तुझं मन ठरत नाय ते आजचं नाय. मी एक काय ते ठरवलंय. रविवारी ऊन चढायच्या आत गाळ काढून वर येणार. तुझ्या आयने आज दिवसभर तोंड फुगवलंय, म्हणून भाजीला मीठ जास्त पडलं. बाकी ठीक.

काळजी करायची तर तुझी कर. बंद टाकीजवळ जाऊ नको.

तुझा,
बाबा


काकीनाडा,
३ मे, सकाळ

तीर्थरूप आईस,
जीवनचा सा. न. वि. वि.

आय, किशोरी हे तुला वाचून दाखवेल. बाबा बाहेर ओट्यावर असले तरी चालेल, ऐकू थोडंच जाणार हाय.

बोलून ते थांबत नायत. मी लिहिलं, किशोरी बोलली, तू भांडलीस. त्यांना वाटतंय आमी त्यांना म्हातारा बोलतोय. प्रभाकरकाकांना मी फोन लावला, तर ते मलाच बोलले, काशिराम एकटा उतरला तर बरं दिसेल का, म्हणून मी दोर धरतोय. म्हणजे तो बाजूचा दरवाजा पण बंद.

आत्ता गाडीत बसलो तरी उद्या सकाळी विचुंब्याला पोचत नाय. न् दुपारी आमची बार्ज लांबच्या जहाजाला लागतेय, मंगळवारी परत. तिकडे रेंज नसते. म्हणजे रविवारी काय झालं ते मला मंगळवारपर्यंत कळणार नाय.

तू काय तरी कर. काय ते मला सुचत नाय. तू मला शाळेतून पळताना धरायचीस ते कधी ओरडून नाय, आधीच जाऊन वाटेवर उभी राहायचीस. तसं काय तरी.

माझ्यावर राग असेल तर ठेव, पण आधी हे कर.

तुझा,
जीवन


समुद्रावर,
रविवार, ४ मे

बाबा,

हे पत्र जाणार नाय, रेंज नाय. हात रिकामा राहिला की कसंतरी होतं म्हणून लिहितोय.

आता तुमी बिनदुधाचा चहा घेतला असेल. आता प्रभाकरकाका हाफपँट घालून आले असतील न् आयला बोलले असतील, वहिनी, चिखलाचे हात होणार, साबण काढून ठेवा. मी गोणी मोजताना चुकलो. मुकादमाने शिव्या घातल्या, बऱ्या वाटल्या, तेवढा वेळ दुसरं काय आठवलं नाय.

तुमाला वरची हाक ऐकू येत नाय म्हणून आपली खूण होती. खालून दोर हलला की मी ओढायचो. जरा वेळ हलला नाय की मी वरून हलवायचो न् तुमी उलटा हलवून शिवी द्यायचे. शिवी ऐकू यायची नाय पण दोरातून कळायची. ती खूण प्रभाकरकाकांना सांगितलीत काय? हे विचारायचं मी विसरलो. एवढं सगळं लिहिलं न् हेच विसरलो.

बार्ज जहाजाला बांधायचा दोर माझ्या हातात हाय. सकाळपासून तो मला उगाच जड लागतोय.


विचुंबे,
४ मे, संध्याकाळ

प्रिय दादास,
स. न. वि. वि.

बाबा समोर बसून शेंगा खात आहेत. ही ओळ आधी लिहिली, आता नीट सांगते.

काल तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. तिने ऐकलं, भांडी घासली, मला क्लासला पाठवलं. मी परत आले तर ती मागच्या अंगणात स्टुलावर उभी. म्हणाली, मांडव वाकलाय, नीट करतेय. मी लक्ष दिलं नाही.

आज सकाळी प्रभाकरकाका आले. बाबांनी दोर काढायला माळ्यावर हात घातला, तर दोर नाही. न्हाणीघरात बघितला, पलंगाखाली बघितला, मला विचारलं, ठमाबाईंकडे जाऊन आले. आई मोरीवर कोलीम मासळी निवडत होती. बाबा तिच्यापुढे जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, दोर. आईने मान वर न करता कोलमीच्या हाताने मांडवाकडे दाखवलं.

दादा, तिने अख्खा दोर कोयत्याने तोडला होता. हात हातभर तुकडे करून मांडवाच्या बांबूबांबूला आवळले होते. त्यावर वेल, वेलाला पडवळं, पडवळांना खडे आणि मधे तुझी चप्पल. बाबा खाली उभे राहून वर बघत राहिले. तेव्हा आई म्हणाली, पोराचा मांडव पाडून दोर काढायचा असेल तर काढा, मी अडवत नाही. प्रभाकरकाका तिथंच दगडावर बसले आणि त्यांना हसू आवरेना. शेवटी म्हणाले, काशिराम, तुझ्यापेक्षा तुझी बायको जोरात ओढते रे. मला वाटतं, त्यांचाही जीव भांड्यात पडला होता.

बाबा दुपारभर ओट्यावर होते. नवा दोर आणायला बाजारात जातील म्हणून मी चपला लपवल्या होत्या. गेले नाहीत.

पाण्याचं म्हणशील तर मी टॉवरच्या वॉचमनशी बोलून आले. त्यांच्या एसींचं पाणी पाइपातून मागच्या गटारात पडतं. तिथं उद्यापासून कॅन लावायचा. मिरच्या नाही वाचणार. पडवळ वाचेल.

हे मिळताच फोन कर, आई तुझा आवाज ऐकल्याशिवाय मंगळवारी जेवणार नाही म्हणते. मागच्या वेळचा राहिलेला लोभ यात धरून दोन्हीचा मिळून पाठव.

किशोरी


विचुंबे,
२४ मे

चि. जीवन यास,
काशिरामचे अनेक आशीर्वाद वि. वि.

हे पत्र मी पोस्टाने टाकतोय. किशोरीला दाखवलं नाय, कारण ती आयला वाचून दाखवेल.

सोबत पडवळाचं बी हाय. एक पडवळ मी वेलावरच पिकू दिलं होतं, लालभडक झालं न् फुटलं, त्यातलं. मिरचीच्या डब्यात लाव. डबा केबिनच्या आडोशाला ठेव, वारा लागणार नाय असा. दोन बिया जास्त टाकल्यात, एखादी खारात मरेल म्हणून. टॉवरमागचा कॅन मीच आणतो दोन टाइम. वॉचमन बोलला, काका, आमचं पाणी फुकट नेता. मी बोललो, आमचंच हाय, फिरून आलंय.

दुसरं. त्या रविवारी संध्याकाळी तुझी आय न् किशोरी ठमाबाईकडे गेल्या होत्या. मी कंदील पेटवला न् सुतळीला बांधून विहिरीत सोडला. गाव बघत नव्हतं. अर्ध्यावर गेला न् विझला. वारा असेल म्हणून वर घेऊन पुन्हा पेटवून सोडला. तिथंच विझला.

मी जरा वेळ कट्ट्यावर बसलो.

मग विहिरीवर पत्रा ओढला, त्यावर दगड ठेवले न् मांडवाखाली गेलो. तुझ्या आयच्या गाठी कच्च्या होत्या, वाऱ्याने सुटल्या असत्या. एकेक सोडून पुन्हा आवळून बांधल्या. तिला कळलं नाय. कळवू पण नको, फार मोठेपणा येईल तिला.

मांडव अजून उभा हाय. जेवायला ये. लोभ मी बोलून दाखवत नाय, तू धरून चाल.

तुझा,
बाबा