रिकाम्या पाटापुढचं ताट

१० मार्च १९३६, मंगळवार. अमरावती

पोचलो एकदाचा! बडनेऱ्याला गाडी बदलताना हमालाने कॅमेऱ्याची पेटी अशी आदळली की माझ्या काळजाचं पाणी पाणी झालं. पण भिंग शाबूत, फोटो उमटवायच्या काचाही शाबूत. खुशालराव स्वतः टांगा घेऊन आले होते. राजापेठेत त्यांचं भोजनगृह जोरात चालतं, आता अकोल्याला दुसरं काढताहेत. तिथल्या भिंतींवर इथल्या दालनाचे आणि भरल्या ताटांचे मोठे फोटो लावायचे, ते काढायला मला पुण्याहून बोलावलंय. ताट पाहून अकोल्याच्या मानसाच्या तोंडाले पानी सुटलं पाह्यजे, असं त्यांनी तीनदा बजावलं. अहो, पुण्यातल्या हॉटेलवाल्यांची नखरेल ताटं काढून माझे केस पिकले, काळजी कसली!

संध्याकाळी पातोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा जेवलो. नाकाडोळ्यांतून पाणी वाहिलं तरी तीन भाकऱ्या हाणल्या. खुशालराव म्हणाले, पुन्याचा मानूस असून खाता चांगलं.

११ मार्च, बुधवार

दुपारच्या पंगती उठल्या की दोन ते चार दालन मोकळं असतं. ऊन खिडकीतून तिरपं येतं, पण पुरेसं नाही. भिंगाची टोपी काढून सहा मिनिटं थांबावं लागतं. सहा मिनिटं पुतळ्यासारखा बसणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. शिंकतो तरी, नाहीतर मांडी तरी खाजवतो. म्हणून पाट रिकामा ठेवला आणि त्यापुढे भरलं ताट वाढायला सांगितलं.

इथली स्वयंपाकीण तानुबाई, चाळिशीची विधवा, हटूनच बसली. म्हणे, रिकाम्या पाटापुढं मेलेल्याचंच ताट वाढतात, माह्याकडून काहून वाढून घेऊन राहिले? मी चिडलो. म्हटलं, बाई, हे फोटोचं जेवण आहे, ते कुणी खायचं नसतं! चमक यावी म्हणून वांग्यांवर मी जवसाचं तेल चोळलं, ते पाहून तर ती थुंकलीच. शेवटी आदळआपट करत वाढलं तिने. मी गंमत म्हणून रिकाम्या पाटापुढे हात जोडले आणि म्हटलं, "सावकाश होऊ द्या!" कुणी हसलं नाही. वऱ्हाडी माणसाला विनोदाचं वावडं दिसतंय.

१२ मार्च, गुरुवार

काच धुतली. दालन झकास आलंय, पण ताटातला भात एका बाजूने खचलाय आणि भाकरीचा तुकडा मोडलेला दिसतो. टोपी काढताना तर भाकरी सबंध होती! पाटावर धुरकट डागही आहे. पेटीत कुठूनतरी उजेड शिरला असणार. दुसऱ्या काचेवर पुन्हा काढला.

आज वरण अगदी पाणचट होतं. तानुबाईचा राग मिठावर निघाला वाटतं.

१३ मार्च, शुक्रवार

दुसरीही काच धुतली. डाग नाही तो. माणूस आहे. एक गुडघा उभा धरून, मान खाली घालून जेवतोय. समोर उभा राहून सहा मिनिटं घड्याळ बघत होतो मी, पाटावर कुणीही नव्हतं!

कागदावर छापून खुशालरावांना दाखवला. त्यांचा चेहरा पांढरा पडला. हा भगवंत, म्हणाले. त्यांचा जुना आचारी, तानुबाईचा नवरा. मागल्या दिवाळीत दोनशे माणसं जेवू घालून स्वतः पानावर बसला आणि पहिला घास उचलायच्या आत कोसळला. उपाशीच गेला बिचारा.

तानुबाईने फोटो हातात घेतला. बराच वेळ बोट फिरवत होती. मग हसली. मी आल्यापासून पहिल्यांदाच हसली.

१५ मार्च, रविवार

कशालाच चव नाही. ठेचा खाल्ला तरी भुसा चावल्यासारखा. पोट भरत नाही. काल सात भाकऱ्या खाल्ल्या आणि उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली. धोतराची गाठ दर दिवशी जास्त आवळतोय.

फोटोची गोष्ट गावभर झालीय, गिऱ्हाइकं माझ्या पंगतीला बसत नाहीत. एकाने तर माझ्या अंगावरच पाणी फेकलं. खुशालराव म्हणतात, तुमीच वाढाले लावलं, जेवाले तुमीच बसवलं, आता तुमच्याच वाट्याचं खाते तो. चालते व्हा माह्या घरातून.

तानुबाई तेवढी गोड बोलते. मला आग्रह करकरून वाढते. पातोडी रोज करते. भगवंताच्या आवडीची आहे, असं वाढपी म्हणाला.

१७ मार्च, मंगळवार

बडनेऱ्यापर्यंत गेलो. चहा म्हणजे कोमट पाणी, पुरी म्हणजे कागद. भर दुपारी फलाटावरच्या बाकावर एकटा होतो आणि शेजारी कुणीतरी मचमच जेवत होतं. मी पुरी तोंडात घालायचो, आवाज शेजारून यायचा.

गाडी आली. उठता आलं नाही, पायांत त्राणच नाही. टांगेवाल्याने उचलून परत आणलं, तानुबाईने आत घेतलं. हातांची नुसती हाडं झालीत. देवा, मला मरायचं नाही रे!

१९ मार्च, गुरुवार

तानुबाईने उपाय सांगितला. ज्याने बोलावलं त्याने त्याच पाटावर बसायचं, त्याच ताटातलं सगळं संपवायचं, मग पाहुणा उठून जातो. गळ्याची शपथ घेऊन म्हणाली. माझे हात धरून रडली. मीही रडलो.

खुशालरावांना विचारलं. त्यांनी दारच लावून घेतलं.

२० मार्च, शुक्रवार. दुपारचे अडीच

बसलो पाटावर. ताट वाढलंय. दार लोटून तानुबाई बाहेर थांबलीय. भिंगाची टोपी काढून ठेवलीय. तो डोळ्याला दिसत नाही, काचेलाच दिसतो, तेव्हा गेला की नाही ते काचच सांगेल.

पहिला घास — मीठ! मीठ लागतंय! तिखट लागलं, खोकला आला. आई गं, किती दिवसांनी —

तीन मिनिटं. भात संपला. रस्सा संपला. बोटं चाटतोय. वाचलो.

पाच. ताट निपटलं. आता उठायचं — उठता येत नाही. मांडी सुटत नाही. एक गुडघा आपोआप वर —

कॅमेऱ्यामागे कुणीतरी आहे. काळ्या कापडाखाली वाकलंय. माझा कोट घातलाय त्याने.

त्याने भिंगावर टोपी लावली.

दार उघडलं. तानुबाईच्या कपाळावर कुंकू. नवं लुगडं. माझ्याकडे बघतच नाही. डोईवरचा पदर सावरून त्याले — त्याला — विचारते, भूक भागली काय जी?

तो माझ्या आवाजात हसला.

ओरडतोय मी. ती माझ्यासमोरचं ताट उचलतेय. तानुबाई, थांबा — मी इथे — पुन्हा रिकामं — पोटात आग — कुणीतरी वाढा हो, मला भू —