मागची शेड आणि एक कोरी जागा

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, नट-बोल्टच्या कारखान्यातला निवृत्त फोरमन. चालताना दम लागतो, पण डोकं शाबूत आहे. कुणाच्या दडपणाखाली नव्हे, तर स्वतःच्या हाताने हे लिहीत आहे. आधीचं मृत्युपत्र रद्द समजावं.

१. राहतं घर आणि मागची शेड धाकट्या भावाच्या मुलीला मिळावी. ती आमच्याच कारखान्यात लेथ चालवते. तिला स्वतःचं वर्कशॉप काढायचं आहे आणि कारागिरांना दीडपट पगार देईन म्हणते. तसं कळल्यापासून शेठच्या मुलाने या जागेसाठी दोनदा माणूस पाठवला. त्याला ही जागा कुठल्याही किमतीला विकू नये.

कारण लिहिणं भाग आहे. एकोणीस वर्षांपूर्वी दुसरा कारखाना इथे येणार होता. त्यांना रस्त्यालगतची माझी जमीन हवी होती. शेठनी ती आधीच विकत घेतली आणि मला फोरमन केलं. जमिनीवर आजही गवतच आहे. त्याच वर्षी धाकट्याने पगारवाढीच्या अर्जावर सह्या गोळा केल्या. पहिली सही मागायला माझ्याकडे आला. मी केली नाही. शेठ त्याला शांतपणे म्हणाले, "परवडत नसेल तर दुसरीकडे बघ." दुसरीकडे काही उरलंच नव्हतं, ते माझ्यामुळे. त्याला काढलं, पुढे त्याने पोती उचलली.

रस्ता रुंद झाला, दिवे आले. पगार तेवढाच राहिला, मग दुकानात जाणार कोण? शिंपी गेला, कापडवाला गेला, शाळेचे दोन वर्ग बंद पडले. शेठ समारंभात विकासावर बोलायचे आणि मी पहिल्या रांगेत टाळ्या वाजवायचो.

२. बँकेतली ठेव पुतणीलाच, यंत्रासाठी. माझ्या मुलाला कळवलं आहे. तो म्हणाला, "बाबा, मला तिथलं काही नकोच होतं." बरं वाटलं असं म्हणणार नाही.

३. मायक्रोमीटर आणि कानशीही तिलाच. साक्षीदाराच्या नावे काही ठेवता येत नाही, नाहीतर तिच्या बापाला दिल्या असत्या. त्याला त्या वापरू द्याव्यात. हत्यारांनी त्याचं काही घोडं मारलेलं नाही.

४. निरोपाला शेठनी दिलेलं घड्याळ कारखान्याच्या गेटवर परत करावं. रोज दहा मिनिटं मागे पडतं. सुटीच्या भोंग्यासाठी त्यांना उपयोगी पडेल.

स्थळ : राहत्या घराची पुढची खोली
दिनांक : ९ फेब्रुवारी २०२६
सही : (केली)

साक्षीदार १ : शेजारचे कंपाउंडर. (सही)

साक्षीदार २ : धाकटा भाऊ. (सही)

ता. क. धाकट्याने सगळं उभ्यानेच वाचलं. म्हणाला, "दादा, त्या अर्जावर तुझी जागा मी शेवटपर्यंत कोरी ठेवली होती." मग सही केली. चहा घेतला नाही.