दोन अलार्म, एक पाल

१२ नोव्हेंबर, बुधवार
सुके बोंबील. तवा काळा, ओट्यावरची भिंत काळी, खिडकीचा पडदा अर्धा गेला. मी वाडीत पंपाशी होतो. धूर दिसला म्हणून धावलो, नाहीतर आज घरच गेलं असतं. सौ.ने बोंबील भाजायला टाकले आणि परसात तगरीची फुलं काढत बसली. विचारलं, गॅसवर काय ठेवलं होतंस? तर म्हणते, "मी कुठं काय ठेवलं? आज सोमवार ना? सोमवारची मी मासळी लावते काय?"
ओरडलो. नको होतं ओरडायला. डॉक्टर म्हणाले होते की तिचा विसर वाढत जाणार. वाढत जाणार म्हणजे काय ते आज कळलं.
वैशालीला यातलं काही सांगायचं नाही असं ठरवलं. संध्याकाळी लेकीचा फोन आला तर सौ.नेच सांगितलं, "तुझ्या बाबांनी पडदा जाळला."

१६ नोव्हेंबर, रविवार
वै. खारघरहून आली. दोन पांढऱ्या डब्या घेऊन. एक धुराचा अलार्म, एक उष्णतेचा. मला वाटलं होतं दोन्ही सारखेच. नाही. स्वयंपाकघरात उष्णतेचाच लावायचा, कारण धुराचा लावला तर प्रत्येक फोडणीला ओरडेल. धुराचा बाहेर, बोळात, झोपायच्या खोलीच्या दाराशी. पंख्याजवळ नको, कोपऱ्यात नको. पुस्तिका इंग्रजी आणि अक्षरं मुंगीएवढी. वै. वाचत होती, मी शिडीवर.
स्लॅबला भोकं पाडली, गिट्ट्या ठोकल्या, डब्या बसवल्या. अठ्ठावीस वर्षं लाँचवर इंजिन ड्रायव्हर होतो, दोन स्क्रू मला जड नाहीत. वै.ला म्हटलं, आमच्या इंजिनरूममध्ये असलं काही नव्हतं, इंजिनाच्या आवाजावरून कळायचं काय बिघडलंय ते. ती नुसती हसली.
मग तिने बटण दाबून बघितलं. मायलेकींनी कानांवर हात ठेवले. मीही ठेवले.
दर रविवारी टेस्ट करायची आणि धूळ पुसायची, असं ठरलं. नोंद या वहीत ठेवीन, लॉगबुकासारखी.

२३ नोव्हेंबर, रविवार
टेस्ट. धुराचा: लाल दिवा लागला. ओके. उष्णतेचा: दिवा लागला. ओके. दोन्ही फडक्याने पुसले. सौ. आतून धावत आली, "काय झालं? कोण आलं?" म्हटलं काही नाही, मशीन बघतोय. बराच वेळ घाबरलेलीच होती.

३ डिसेंबर, बुधवार
संध्याकाळी सौ.ने देवापुढे धूप घातला, निखाऱ्यावर नारळाची सोडणं टाकून, डास जातात म्हणून घरभर फिरवला. धुराचा अलार्म वाजला म्हणे. म्हणे, कारण मी पडवीत पेपर वाचत होतो. शेजारची रेश्मा तिच्या होमस्टेचे पाहुणे सोडून धावत आली. "काका, अवो तुमच्या घरात केवढा बोंबलतंय ते, आन् तुम्ही इथं पेपर वाचताव?"
पडवीत वारा होता. समुद्राकडून वारा असला की आतलं बाहेर ऐकू येत नाही.
धूप यापुढे अंगणात. सौ. रुसली.

१४ डिसेंबर, रविवार
टेस्ट. दोन्ही ओके. थंडी चांगली पडलीय. रेश्माकडे पाहुण्यांसाठी मडक्यात पोपटी लावली होती, भाजलेल्या वालाच्या शेंगा आणि अंडी पाठवलीन. सौ.ने आवडीने खाल्ली. दिवस बरा गेला. असे चार दिवस मिळाले तरी पुष्कळ झालं.

११ जानेवारी, रविवार
टेस्ट. दिवा जरा मंद वाटला. ओके.
सौ.ला सकाळपासून पाल ऐकू येतेय. चालता चालता थांबते, बोटाने भिंतीवर टकटक करते, "कृष्ण कृष्ण" म्हणते. तिच्या आईची सवय. पाल चुकचुकली की टकटक करायची, म्हणजे वाईट टळतं. मी ट्यूबलाइटमागे बघितलं, देवांच्या फोटोंमागे बघितलं, केरसुणी घेऊन कपाट सरकवलं. पाल नाही.

१३ जानेवारी, मंगळवार
दिवसभर तेच. भात कालवला, घास उचलला, थांबली. टकटक, कृष्ण कृष्ण. घास खाली. पुन्हा उचलला, पुन्हा थांबली. अर्ध्या तासात चार घास. म्हणते, "आवो, ऐकलात काय? सारखी चुकचुकते. काय तरी वाईट व्हायचं हाय या घरात."
मी म्हटलं, मंदा, पाल नाहीये. मला नाही ऐकू येत.
"तुम्हाला कसं ऐकू येत न्हाय? एवढी मोठ्यानं बोलते."

१९ जानेवारी, सोमवार
तिला अलिबागला डॉक्टरकडे न्यायचं तेही पालीमुळे दोनदा राहिलं. चप्पल घातली, उंबऱ्याशी आली, टकटक केलं आणि परत फिरली. पाल चुकचुकल्यावर घरातून निघायचं नाही. आज रिक्षा दारात उभी करून, जवळजवळ उचलूनच नेली. रिक्षात बसल्यावर एकदाही टकटक नाही. शहाण्यासारखी बाहेर बघत बसली.
डॉक्टरांनी विचारलं, खरंच काही आवाज नाही ना घरात? मी म्हटलं, डॉक्टर, चार दिवस घर उलथंपालथं केलंय, काही नाही. म्हणाले, मग भास आहेत, या आजारात होतात. नवी गोळी दिली, रोज संध्याकाळी अर्धी.

२५ जानेवारी, रविवार
टेस्ट केली नाही. कंटाळा.
गोळीने सौ. झोपूनच असते. उठली की पाय लटपटतात, तोंडातून लाळ येते. काल न्हाणीत पडता पडता वाचली. बोलणं बंद. टकटक मात्र आहे, पडल्या पडल्या खाटेच्या कडेवर, एका बोटाने. डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले थोडे दिवस द्या, वाटलंच तर गोळी पूर्ण करू.

२९ जानेवारी, गुरुवार
हे नीट लिहून ठेवतो.
दुपारी रेश्मा कोलंबीचं कालवण घेऊन आली. बोळात थांबली आणि म्हणाली, "काका, ह्ये काय मधीमधी किरकिरतंय?"
मी म्हटलं, कुठं काय?
"आत्ता न्हाय का वाजलं? टुक् करून. ह्ये बघा, परत." आणि तिने छताकडे बोट केलं. धुराच्या अलार्मकडे. "काका, याची बॅटरी गेली आसंल. आमच्या होमस्टेला लावलेलं पण आसंच करतं."
मी शिडी लावली, चढलो, कान डबीला टेकवला. काही नाही. रेश्माला म्हटलं, वाजेल तेव्हा सांग. थोड्या वेळाने तिने बोट वर केलं. मला काही नाही. पुन्हा थोड्या वेळाने बोट. काही नाही. आणि तिने बोट वर केलं की आतल्या खोलीतून खाटेच्या कडेवर टकटक येत होती. बरोब्बर त्याच वेळी. रेश्माच्याही ते लक्षात आलं. खाली उतरताना मला तिच्याकडे बघवेना.
तिच्या स्कूटरवरून चौलच्या दुकानात गेलो, चौकोनी बॅटरी आणली. जुनीच्या टोकांवर हिरवं चढलं होतं, खाऱ्या हवेने. नवी घातल्यावर टकटक थांबली. घरात पाल आणि रिक्षात नाही, हे तेव्हाच डोक्यात यायला हवं होतं, इंजिन असतं तर विचार केला असता.
अठरा दिवस सौ. खरं सांगत होती. मी तिला गोळी देत होतो.

३० जानेवारी, शुक्रवार
सकाळी दाराखिडक्या लावून बटण दाबलं. आवाज नाही. दाबून धरलं. फार लांब कुठे तरी काही होतंय असं वाटलं, तेही मनाचंच असेल. सौ. कानांवर हात ठेवून भिंतीला टेकून बसली होती.
म्हणजे १६ नोव्हेंबरलाही मला ऐकू आलं नव्हतं. मग कानांवर हात का ठेवले? दोघींनी ठेवले म्हणून. आणि वहीत दर रविवारी ओके लिहिलं ते दिवा बघून. लाँचवर असं कुणी लिहिलं असतं तर मी त्याला धक्क्यावर उतरवलं असतं.
खरी पाल तरी मी शेवटची कधी ऐकली? आठवत नाही.

४ फेब्रुवारी, बुधवार
डॉक्टरांनी गोळी बंद केली. मला काही बोलले नाहीत. बोलायला हवे होते.
कानांची तपासणीही करून घेतली. कानांना हेडफोन लावून बसायचं, आवाज आला की बटण दाबायचं. जाड आवाज येतात, बारीक मुळीच येत नाहीत. कानवाल्या बाई म्हणाल्या, "आजोबा, इंजिनापाशी काम करताना कानात काही घालत नव्हतात?" म्हटलं, घातलं असतं तर इंजिन काय म्हणतंय ते कसं कळलं असतं? त्या हसल्या. मला हसू आलं नाही.
कानाचं मशीन मिळेल, पण ते झोपताना काढून ठेवायचं. आणि आम्ही दोघं दिवसातला निम्मा वेळ पडूनच असतो.

८ फेब्रुवारी, रविवार
वै. आली. सगळं सांगितलं. ती रडली, मग चिडली, मग म्हणाली, "बाबा, एकाला ऐकू येतं पण कळत नाही, एकाला कळतं पण ऐकू येत नाही. मी तुम्हाला इथे कशी ठेवू?" खारघरला चला म्हणते. मागच्या दिवाळीत नेलं होतं. अकराव्या मजल्यावर सौ. तीन दिवस दार शोधत होती, अंगणात जायचं म्हणून. चौथ्या दिवशी खिडकी उघडायला लागली. वै.लाही ते आठवलं असणार, खारघरचा विषय तिने सोडला.
उशीखाली ठेवायची थरथरणारी चकती मिळते म्हणे, अलार्म वाजला की हलवून उठवते. वै.ने मोबाइलवर मागवली.

१७ फेब्रुवारी, मंगळवार
गॅसचा रेग्युलेटर काढून कपाटात ठेवतो. आज सौ.ने परसात तीन दगड मांडून झावळ्या पेटवल्या आणि चहा ठेवला. वारा घराकडे. विझवल्यावर माझ्याकडे असं बघितलं की काय सांगू. पन्नास वर्षं तिने मला रांधून घातलं, मी डबा घेऊन पहिल्या फेरीला जायचो तर ती माझ्याआधी उठलेली असायची. तिच्या हातून विस्तव काढून घेणारा मी कोण? आणि न काढून काय करू?
चकती अजून नाही. "निघाली आहे" एवढंच दाखवतंय.

२२ फेब्रुवारी, रविवार
एक सुचलंय. मशीन, अलार्म, आग हे तिच्या डोक्यात राहत नाही. पाल राहते. तिला समोर बसवलं आणि म्हटलं, मंदा, छतावरची पाल ओरडली तर ते वाईट. टकटक करून टळत नाही. मला उठवायचं आणि हात धरून फाटकाबाहेर न्यायचं.
"तुमचा कधीपासून विश्वास बसला पालीवर?"
म्हटलं, गेल्या महिन्यापासून. तेव्हा ती हसली. किती दिवसांनी हसली.
काठीने बटण दाबलं, जाऊन डोळे मिटून पडलो. ती आली नाही. बाहेर भिंतीपाशी टकटक करत उभी होती.

२६ फेब्रुवारी, गुरुवार
टेस्ट. टकटक.

१ मार्च, रविवार
टेस्ट. खोलीत आली, माझ्या अंगावर चादर नीट केली, गेली.

५ मार्च, गुरुवार
टेस्ट. परसात गेली, एकटी. कडीपत्त्याजवळ उभी राहिली. ती तरी बाहेर पडली, तेवढं पुरे असं मनाशी म्हटलं. मग वाटलं, नाही, पुरे नाही, मला जगायचंय तिच्यासाठी. मी गेलो तर तिला भात कोण कालवून देणार?
चकतीची ऑर्डर रद्द झाली. वै. दुसरीकडे बघतेय.

९ मार्च, सोमवार
टेस्ट. माझा दंड धरला. ओढलं. मग कशासाठी धरलाय ते विसरली आणि तशीच शेजारी बसली. हात सोडला नाही. मीही उठलो नाही.

१५ मार्च, रविवार
दुपारी जेवण झाल्यावर टेस्ट. काठीने बटण दाबून धरलं, दिवा लागला. चटकन येऊन खाटेवर पडलो.
आली. मनगट धरलं आणि असं खेचलं की मी खाटेवरून खालीच आलो. चप्पल घालू दिली नाही. बोळातून, पडवीतून, अंगणातून, अनवाणी, तापलेल्या वाळूतून थेट फाटकाबाहेर. या बाईच्या अंगात एवढा जोर आहे हे मी विसरलोच होतो. पलीकडे रेश्मा कपडे वाळत घालत होती, ती बघतच राहिली. मला रडू आलं. म्हटलं, शाब्बास मंदा, शाब्बास.
तिने माझा हात सोडला आणि वळून घराकडे निघाली. म्हटलं, अगं कुठं निघालीस? आता आत जायचं नाही.
"तुम्ही हितंच उभे ऱ्हावा," ती म्हणाली. "आमचे हे आत झोपलेत. त्यांना ऐकायला येत न्हाय."
धावत गेली. मी मागोमाग. बोळात पोचलो तर ती खोल्याखोल्यांतून मला हाका मारत होती. मी दारात उभा राहून ओ दिली. तिने माझ्याकडे बघितलं आणि पुढच्या खोलीत शोधायला गेली.