चाकाखालची लिंबं

अमरावती, १९४४

तीर्थरूप मायच्या पायावर भगवंताचं डोकं.

मी बरा हाये, जेवन पोटभर भेटते. दादासायेबाची जुनी मोटार त्यायच्या आंगनातच खोलून, दुरुस्त करून मांगच्या महिन्यात चालू केली. त्यायचा पोरगा लढाईवरून येनार होता, त्याले ठेसनावरून तिच्यातच आनाचं होतं. बाईसायेबानं हौसेनं चाकाखाली चार लिंबं ठेवली.

तवाच तार आली. पोरगा लढाईत गेला.

आता इंजनाचा आवाज त्यायले सोसत नाई. मोटार जागची हालली नाई. लिंबं तशीच सुकून राहिली, कोनी हात लावत नाई.

तुह्या गुडघ्याले आराम हाये का? आपल्या धाकल्या गोवर्धनची पलटनीतून चिठ्ठी आली का?

माय, कदी तार आली तं फोडू नको. मी येतो, मंग फोडू.

तुहा भगवंत