पट्टी सुटता कामा नये

सोमवार, ३ मार्च
आजपासून रोज दहा ओळी लिहायच्या. खरं तेच लिहायचं. हे कुणी वाचणार नाही, त्यामुळे खोटं लिहिण्याचं कारणच नाही.

शनिवारी क्षितिजच्या रग्बीचा या सीझनमधला शेवटचा फेस्टिव्हल. सकाळी तीन मॅचेस. पोरगा आठ वर्षांचा. सहा महिने खेळतोय, अजून एकही ट्राय नाही. ट्राय म्हणजे चेंडू घेऊन पळायचं आणि समोरच्यांच्या रेषेपलीकडे टेकवायचा. एवढंच. माझ्या मुलाला हे जमत नाही यावर माझा विश्वास नाही. दोष सिस्टिममध्ये आहे. शोधून काढणार.

जेवताना म्हणाला, बाबा, जस्ट वन ट्राय, एनफ लाह. ताटाकडे बघत म्हणाला. (इथली पोरं वाक्याच्या शेवटी लाह नाहीतर वन लावतातच.)

बुधवार, ५ मार्च
प्रॅक्टिस बघायला गेलो. किळस आली. ओलं गवत, त्यात मुंग्या. वीस पोरं तीन बाटल्यांना तोंड लावून पाणी पितात. शर्टावर चढवायचे टीमचे बिब्स आधीच्या बॅचच्या घामाने ओले, तेच यांच्या अंगावर. कोच डॅरेन सतत हसतमुख. चेंडू हातातून पडला तरी टाळ्या. स्कोअर कोण ठेवतं, असं विचारलं. म्हणे या वयात ठेवत नाही, मुलांनी एन्जॉय केलं की झालं. एन्जॉय करायला टॅम्पिनीसचा मॉल आहे की.

पण दोष सापडला. या वयात एकमेकांना पाडायला बंदी आहे. त्याऐवजी प्रत्येकाच्या कमरेला पट्टा, आणि पट्ट्याला वेलक्रोने चिकटवलेल्या दोन लाल पट्ट्या. पळणाऱ्याची पट्टी कुणी ओढून काढली की त्याने थांबायचं आणि चेंडू दुसऱ्याला द्यायचा. क्षितिज पळतो छान. पण पट्टी इतकी ढिली, की बोट लागलं की निघते.

मी अकरा वर्षं जुरोंग आयलंडवरच्या केमिकल प्लँटमध्ये मेंटेनन्सला आहे. असला ढिला जॉइंट आमच्या प्लँटवर कुणी चालवून घेतला असता तर त्याला गेटच्या आत घेतलं नसतं. इथे अख्ख्या क्लबला हाच माल वाटलाय आणि एकाही पालकाची तक्रार नाही. श्रीनिवासला बोललो. त्याचा वरुण याच टीममध्ये आहे. बँकेतला माणूस, ईस्ट कोस्टला महागड्या काँडोत फ्लॅट, येताना स्वतःची फोल्डिंगची खुर्ची घेऊन येतो. म्हणाला, अहो निशिकांत, त्या निघण्यासाठीच असतात. बँकवाल्याला जॉइंटमधलं काय कळणार!

गुरुवार, ६ मार्च
सकाळी सहाला क्षितिजबरोबर धावायचं ठरलं होतं. तो उठला.

क्लबचा ईमेल आला. नियम, चार पानं. सवडीने वाचू.

शुक्रवार, ७ मार्च, संध्याकाळी ७.१५
माझी बायको मेधा उद्या शिकवायच्या मराठी वर्गाची तयारी करायला मैत्रिणीकडे गेलीय. तिचा शिवणाचा डबा काढला. नायलॉनचा दोरा, दुहेरी. उलटी टीप, चौकोनात, मधोमध फुली. वेलक्रोतून सुई जाता जात नाही. दोनदा बोटात घुसली, दोन बोटांना बँड-एड. पट्टा खुर्चीला बांधून पट्टी ओढून पाहिली. खुर्ची सरकली, पट्टी नाही.

क्षितिज शेजारी उभा राहून बघत होता. म्हणाला, बाबा, इट्स सपोज्ड टू कम आउट वन. त्याला समजावलं, की नीट जोडलेली वस्तू निघत नसते, आणि निघते म्हणूनच जगात अपघात होतात. दोऱ्याचं रीळ धरून उभा राहिला. पटलं असावं.

नियमात बसतं का? शिवू नका असं कुठे लिहिलंय? (ईमेल वाचायचा राहिलाय.)

शनिवार, ८ मार्च, सकाळी ७.४०
मैदान. रात्री पाऊस पडून गेलेला. सँडलमधून बोटांच्या बेचक्यांत चिखल. आठ वाजायच्या आत माणसं सॉसेज खातायत, केचप हनुवटीवर. नवरा-बायको एकमेकांच्या मानेला सनस्क्रीन चोपडतायत, चारचौघांत. एका बाईने कुत्रं आणलंय. कुत्र्याला टीमचा टी-शर्ट.

रेफरीने पट्टे तपासले. दोन पट्ट्या आहेत का एवढंच बघितलं, हात लावला नाही. वरवरचं काम. आमच्याकडे असं खपलं नसतं. आज खपलं ते बरंच झालं.

८.२०
ट्राय! क्षितिजने चेंडू घेतला, दोघांनी पट्ट्या धरल्या, दोघांचे हात सटकले, गडी थेट रेषेपलीकडे. मी जागच्या जागी नाचलो. डोळ्यांत पाणी आलं. सनस्क्रीन गेलं असावं, पण मी लावलं नव्हतं.

क्षितिजने हात वर केले नाहीत. रेफरीकडे बघत राहिला. नम्र मुलगा आहे.

८.३१
पुन्हा क्षितिजकडे चेंडू. निळ्या टीमच्या एका मुलीने त्याची पट्टी धरली ती सोडेचना. हट्टी कार्टी. हा पळतोय आणि मागे ती पोटावर, चिखलातून फरफटत, सात-आठ पावलं. तोंडात माती. रडारड. शिट्टी.

रेफरीने पट्टी ओढली. मग कोच डॅरेनने ओढली. मग एकाने क्षितिजला धरलं आणि दुसऱ्याने ओढली. निघाली नाही. (काम चोख झालंय.)

कोच चिखलात गुडघे टेकून बसला आणि क्षितिजला विचारलं, की हे कुणी शिवलं. क्षितिजने एकदा माझ्याकडे बघितलं. मी त्या वेळी वाकून बुटाची नाडी बांधत होतो. सँडल होत्या हे खरं, पण बंद सैल वाटत होता. तेवढ्यात तो म्हणाला, आय डिड इट, कोच. सॉरी.

मी बोलणारच होतो. पण कोच मुलाशी बोलत असताना मध्ये तोंड घालणं बरं दिसत नाही. ट्राय रद्द. उरलेल्या दोन मॅचेस क्षितिज बाहेर.

९.०५
जबाबदार पालक म्हणून कोचशी बोललो. म्हटलं, आजकालची मुलं, यूट्यूबवर काय काय बघतात, आमच्या घरात असले संस्कार नाहीत, मी बघतो त्याच्याकडे. कोच म्हणाला, ओके लाह, बट जेंटल हां. पुढच्या सीझनला त्याला घ्यायचं की नाही ते बुधवारच्या प्रॅक्टिसला सांगतो म्हणाला. क्षितिजने ते ऐकलं.

१०.५०
संपलं एकदाचं. शेवटी यांची एक घाणेरडी पद्धत आहे. दोन्ही टीम समोरासमोर रांगा करतात आणि चिखलाच्या हातांनी एकमेकांना टाळ्या देत जातात. क्षितिज लांब उभा होता. ती निळी मुलगी आली, गालावर माती सुकलेली, आणि त्याला मनगटाला धरून रांगेत घेऊन गेली.

श्रीनिवासने बसायला खुर्ची देऊ केली. नको म्हटलं. वरुणचे दोन ट्राय झाले म्हणे. झाले असतील.

घरी जाताना बसमध्ये क्षितिजशी सविस्तर बोलायचं ठरवलं. आइस्क्रीम हवंय का विचारलं. नो नीड, म्हणाला.

रविवार, ९ मार्च
क्षितिजने मेधालाही तेच सांगितलं, मीच शिवलं. मेधा म्हणाली, ज्याला शर्टाची बटणं सरळ लावता येत नाहीत त्याने उलटी टीप घातली? आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, विषय जरा टेक्निकल आहे. ती म्हणाली, बुधवारच्या आत तू कोचला सांग, नाहीतर मी सांगते. मग दिवसभर माझ्याशी फक्त मिठाबद्दल बोलली.

उद्या सांगणार. नक्की.

सोमवार, १० मार्च
सांगितलं नाही. मीटिंग्ज.

क्लबचा ईमेल वाचला. पान दुसरं, नियम पाचवा. पट्टी सहज निघाली पाहिजे, शिवू किंवा बांधू नये. जाड अक्षरात. म्हणजे माझ्या आधीही कुणीतरी शिवलेली आहे. तेवढाच दिलासा.

संध्याकाळी क्षितिज बाथरूममध्ये बसून जुन्या टूथब्रशने बूट घासत होता. कोच घेईल ना, असं विचारलं त्याने. म्हटलं, का नाही घेणार? मग मीच बाल्कनीत जाऊन उभा राहिलो.

मंगळवार, ११ मार्च, सकाळी ६.५०
कंपनीची बस. कोचला मेसेज लिहितोय.

पहिला मसुदा: शनिवारच्या घटनेचं मूळ कारण शोधलं असता देखरेखीत त्रुटी आढळली. खोडला.
दुसरा: पट्ट्या शिवल्या गेल्या होत्या. कुणाकडून ते लिहायचं राहिलं. खोडला.
तिसऱ्यात वेलक्रोच्या दर्जाबद्दल दोन परिच्छेद झाले. चांगले झाले होते. खोडले.

७.२०
पाठवला. पट्ट्या मी शिवल्या. क्षितिजने नाही. सॉरी.

बस गेटवर आली. सगळे पास दाखवून उतरले. मी शेवटी उतरलो.

दुपारी १२.४०
कँटीन. कोचचं उत्तर आलं. लिहितो, की हे आम्हाला शनिवारीच माहीत होतं. आठ वर्षांच्या मुलाचा हात तसा चालत नाही, आणि तुमच्या दोन बोटांना बँड-एड होतं. पुढच्या सीझनसाठी क्षितिजचं नाव त्याच दिवशी लिहिलंय, कारण तुम्ही माझ्याशी बोलून गेल्यावर तो एकटा माझ्याकडे आला होता. म्हणाला, कोच, प्लीज डोन्ट टेल माय बाबा दॅट यू नो. ही गेट सॅड व्हेरी फास्ट वन. म्हणून मी विषय काढला नाही; बुधवारपर्यंत वाट बघणार होतो, तुम्ही स्वतः सांगता का ते.

म्हणजे मी आजकालच्या मुलांबद्दल आणि घरच्या संस्कारांबद्दल बोलत होतो तेव्हा कोचला माहीत होतं. रेफरीला माहीत होतं. खुर्ची देणाऱ्या श्रीनिवासलाही माहीत असणार. आठवडाभर मला चिखलाची किळस आली, घामाची आली, केचपची आली. आज समोर वरण-भाताचा डबा उघडा आहे आणि स्वतःची येतेय. डब्याचं झाकण परत लावलं.

मी बोलत होतो तेव्हा क्षितिज माझ्या शेजारीच उभा होता. माझ्या प्रत्येक वाक्याला मान डोलावत होता. मला वाटलं होतं, पोराला पटतंय.