मोसंबीच्या पाण्याची पाळी

पुणे, ता. ४ फेब्रुवारी १९८७
ती. सौ. छबुबाई जाऊबाईंस,
बायनाचा सा. न. वि. वि.
मी खुशाल आहे. दोन घरच्या पोळ्या लाटते. पिठाच्या डब्याखालचा जुना पेपर जुळवत जुळवत आता अख्खे पान वाचता येते.

परवा गावचा मुंजाजी भेटला. म्हणाला, पाणी संस्थेने माझ्या मोसंबीची पाळी बंद केली. मी सभासदत्व सोडल्याचा, अंगठा उठवलेला कागद चेअरमन मोहनरावांनी दाखवला. जाऊबाई, मी तीन वर्षे सही करते. पुण्याला गेलेली विधवा अंगठ्यावरच असणार, असे त्यांनी धरले.

ह्यांच्या हातची झाडे या दुष्काळात किती तगतील? तो अंगठा कोणाचा, ते शोधून कळवा. त्या हाताला मी सोडणार नाही.

तुमची माया अशीच राहू द्या.
बायना

ता. १९ फेब्रुवारी
गं. भा. बायनास छबुबाईचे अनेक आशीर्वाद.
सरस्वतीबाईंनी पत्र वाचलं, त्याच हे लिहून देतात. तुझं लिहिणं लई धारदार झालंय गं, इळीवानी. पहिली मीच चिरले.

तो अंगठा माझा हाय. मोहनराव म्हणले, ती कशाला येती आता गावाकडं, तिची पाळी तुमच्या उसाला लावतो. कागद तुझ्या नावाचा हाय, हे मला म्हायती होतं. घरातलं घरात मिटव.

जीव लावलास, तेवढा तोडू नको.
छबुबाई

पुणे, ता. २७ फेब्रुवारी
ती. जाऊबाईंस सा. न.
कागद संस्थेत आहे, तर घरात कसे मिटेल? आठ तारखेच्या सभेत मी सही करीन. मग तुम्ही उठून अंगठा उठवायचा आणि तो कोणी मागितला ते सांगायचे. नाही आलात, तर केजला फौजदारापुढे पहिले नाव तुमचे घेईन.
बायना

पुणे, ता. १५ मार्च
ती. जाऊबाईंस सा. न.
सुखरूप पोचले. तुम्ही सभेत अंगठा उठवून मोहनरावांचे नाव घेतलेत, तर ते म्हणाले, बायकांची भांडणे संस्थेत कशाला. तेव्हा मागून कोणी म्हणाले, मग बायकांचे पाणी कशाला नेता. त्या हशात त्यांची खुर्ची गेली. मला फार बरे वाटले, खोटे कशाला लिहू.

तुम्ही थोरल्या असून माझ्या पाया पडायला वाकलात. मी मागे सरले. त्याचीही लाज वाटत नाही.

माझ्या मोसंबीला पाळी मंगळवारची मिळाली. दारे धरायला गडी लावू नका. तुम्हीच चिखलात उभे राहून एकेक आळे भरायचे. शेजारी तुमचा ऊस वाळताना दिसेल. बघायचा.

लोभ असावा, असे या खेपेला लिहीत नाही.
बायना